बंदीच्या दोन महिन्यांतली शांतता

मायक्रोफोनवरच्या फोमच्या टोपीचं वजन आठ दिवसांत साधारण एक ग्रॅमने वाढतं. त्यात मीठ जास्त, धूळ कमी. मी हे तराजूवर मोजून पाहिलं आहे, कारण टोपी मिठाने गच्च झाली की बारीक आवाज आत पोचत नाहीत. म्हणून दर सोमवारी गच्चीवरच्या चारही टोप्या काढायच्या, गोड्या पाण्यात खळबळून घ्यायच्या आणि सावलीत वाळवायच्या, असा नेम आहे. जून-जुलैत हे काम करावं लागलं नव्हतं. पाऊसच टोप्या धुऊन टाकत होता, आणि वाऱ्याबरोबर मीठ येतं हे आमच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत या जागेबद्दल आम्हाला जे कळलं नाही, त्यातली ही सर्वांत लहान गोष्ट.

गच्ची दमयंतीबाईंची. पनवेलहून उरणकडे जाताना खाडीकाठी जो कोळीवाडा लागतो, त्याच्या अगदी टोकाचं घर. आमचा गाळा पळस्प्याला, हायवेच्या आवाजात. तिथे यंत्र बनवता येतं, पण ऐकता काही येत नाही. म्हणून ही गच्ची भाड्याने घेतली.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. ड्रोन दिसण्याआधी ऐकू येतो. त्याच्या पंख्यांचा आवाज चार मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो, आणि त्या फरकावरून तो कुठल्या दिशेने येतोय हे काढता येतं. ड्रोन पाडणं हे आमचं काम नाही, त्याची यंत्रं वेगळी आहेत. आम्ही फक्त सांगतो की येतोय, आणि या बाजूने येतोय. बंदरं, तेलाच्या टाक्या, दारूगोळ्याची कोठारं अशा ठिकाणी हे लागतं. त्यासाठी लहान कंपन्यांना अनुदान देण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हा आम्हीही अर्ज केला.

आम्ही म्हणजे शैलेश आणि मी, आणि गाळ्यात काम करणारे आणखी दोघे. मी पनवेलच्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं फिजिक्स शिकवलं. शैलेश माझा विद्यार्थी. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकून आला आणि मला या उद्योगात ओढलं, पण अजून मॅडमच म्हणतो. अनुदान मिळालं नाही तर मार्चअखेर गाळा बंद करायचा, हे आमचं आधीच बोलून झालं होतं. तसं झालं तर तो पुण्याच्या एका कंपनीत जाणार होता. त्यांनी जागा देऊ केली होती आणि तो उत्तर द्यायचं टाळत होता.

अर्जाची शेवटची तारीख एकतीस जुलै होती. अर्जात सगळ्यात महत्त्वाचा आकडा असतो तो खोट्या इशाऱ्यांचा. ड्रोन नसताना यंत्र किती वेळा ओरडतं? जे यंत्र सारखं ओरडतं, ते पहारेकरी तिसऱ्या दिवशी बंद करून ठेवतात. आम्ही लिहिलं: खाडीकाठी एकसष्ट दिवसांत दोन. त्यातला एक गवत कापायच्या मशीनचा होता. आकडा इतका चांगला होता की मी नोंदी दोनदा तपासल्या. बरोबर होत्या.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात सकाळी शैलेशचा फोन आला.

"मॅडम, एक तर उरणवर हल्ला झालाय, नाहीतर आपलं काहीतरी चुकलंय."

"किती इशारे?"

"सहा ते नऊ. एक्केचाळीस."

मी रिक्षा करून गेले. दमयंतीबाई दारात बसून मासळीच्या पाट्या घासत होत्या. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. मला त्या मास्तरीन म्हणायच्या.

"आज इतका आवाज कसला आहे?" मी विचारलं.

"कसला म्हंजे? होड्या लागल्यात. दोन म्हयने बंद व्हत्या."

"बंद?"

त्यांनी घासणं थांबवलं. "पावसाळी बंदी. एक जूनपासनं एकतीस जुलै. इंजिनाची होडी पान्यात घालायची नाय. सरकारचाच कायदा हाय, मास्तरीन. तुमी पनवेलच्याच ना?"

मी पनवेलचीच. जूनमध्ये पापलेट महाग होतं आणि तेव्हा आमच्या घरी सुकटीची आमटी होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दोन महिन्यांत खाडीत एकही इंजिन चालत नाही, हा त्याचा अर्थ मात्र कधी डोक्यात आला नाही. मी बंदी ताटातून ओळखत होते. आमचा आकडा खोटा नव्हता. फक्त ती एकसष्ट दिवसांची शांतता कायद्याने आलेली होती, आणि होडीच्या डिझेल इंजिनाच्या आवाजातला एक भाग नेमका ड्रोनच्या पट्टीत येत होता.

त्या संध्याकाळी गाळ्यात मी पत्राचा मसुदा केला. अर्जातला आकडा मासेमारी बंदीच्या काळातला आहे, बंदी उठल्यावर एका सकाळी एक्केचाळीस खोटे इशारे आले, दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. शैलेशने तो वाचला.

"हे आत्ता कळवायचं कशाला? आधी दुरुस्त करू, मग कळवू."

"दुरुस्त झालं नाही तर?"

"तर कोण बघायला येणारे?"

मी मसुद्यावर तारीख घातली. मग तोच म्हणाला, "पाठवा. कॉलेजात माझं जर्नलही तुम्ही, सोयीचेच आकडे लिहिले म्हणून, परत केलं होतं."

"तीनदा."

"तीनदा. तेच म्हणतोय."

पत्र ईमेलने गेलं, रजिस्टर पोस्टानेही गेलं. त्यानंतर काहीच झालं नाही. सरकारी पोर्टलवर आमच्या अर्जापुढे 'विचाराधीन' असं लिहिलेलं होतं, ते सप्टेंबरात तसंच होतं, दिवाळीत तसंच होतं. फोन केला तर "कळवण्यात येईल" असं उत्तर मिळायचं. शैलेशने मला एकदाही बोल लावला नाही. तो रोज सकाळी पोर्टल उघडायचा, बघायचा आणि बंद करायचा. मी समोर बसलेली असायचे. चौघांचं काम एका पत्राने घालवलं असेल, तर ते पत्र माझं होतं.

मग करण्यासारखं एकच होतं. प्रत्येक होडीचा आवाज नोंदवायचा आणि यंत्राला ओळखायला शिकवायचा. त्यासाठी कुठला आवाज कुठल्या होडीचा हे कळायला हवं होतं. मी नोव्हेंबरपासून रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर बसू लागले. हातात दुर्बीण आणि वही. धुक्यात काही दिसायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दमयंतीबाई सुकट पसरायला वर आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय बगताव?"

"होड्या. कुठली कोणाची ते लिहून घेतेय."

"ती बगून कशी कळंल? ऐका की. ही आली ती गोदूबायची." त्यांची पाठ खाडीकडे होती. "मागनं येतेय ती आमच्या कमळाकरची. एक ठोका खाते बगा मदीमदी. त्याला सांगून थकले, इंजीन दाखव कोनाला तरी."

कमळाकर त्यांचा मुलगा. सहा मिनिटांनी धुक्यातून दोन होड्या बाहेर आल्या. पहिली गोदूबाईची, दुसरी कमळाकरची.

मी त्यांना विचारलं की हे किती जणींना येतं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. होडी धक्क्याला लागायच्या आत बाईने बर्फ आणि पाट्या घेऊन पुढे असायला हवं. उशीर झाला तर चांगली जागा दुसरी धरते. म्हणून घरात भाकऱ्या थापतानाही कान खाडीकडे असतो. मी रीतसर परीक्षा घेतली. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि होड्यांच्या तीस खेपा विचारल्या. सत्तावीस बरोबर आल्या.

"तीन चुकल्या," मी म्हटलं.

"त्या तिन्ही खेपा गोदूबायच्या. तिच्या नवऱ्यानं इंजीन बदलला, कोनाला सांगला नाय. ती माजी चूक नाय. ती त्याची चूक."

मी वहीत तसंच लिहिलं.

महिन्याभरात सगळ्या होड्यांचे आवाज जमले, इशारे एक्केचाळीसवरून अकरावर आले, आणि तिथेच अडले. शेजारच्या गावाच्या होड्या येत, नवी इंजिनं येत. किती शिकवणार? एकदा शैलेशने परवानगी काढून गच्चीवर ड्रोन उडवून पाहिला, तेव्हा दमयंतीबाई खाली अंगणात होत्या. त्यांना मी विचारलं की होडीच्या आणि याच्या आवाजात त्यांना काय फरक वाटतो.

"होडीचा आवाज पान्यावरनं येतो. तुमचा भुंगा वरनं येतो."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. शैलेश आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आमचे चारही मायक्रोफोन गच्चीच्या कठड्यावर एकाच उंचीवर होते. अशा मांडणीला डावी-उजवी बाजू उत्तम कळते. क्षितिजाच्या आसपास खालचं आणि वरचं मात्र जवळजवळ कळत नाही. हे मी एकोणीस वर्षं वर्गात शिकवत होते.

"मॅडम," शैलेश म्हणाला, "हा प्रश्न तुम्ही आम्हाला सेकंड इयरला घातला होता."

"तू सोडवला होतास?"

"ऑप्शनला टाकला होता."

चौथा मायक्रोफोन आम्ही सुकट वाळवायच्या बांबूवर, तीन मीटर उंच बांधला. आवाज पाण्यालगतचा असेल तर तो होडीचा धरायचा, वरचा असेल तर इशारा द्यायचा. पुढच्या आठवड्यात रोज एखाद-दुसरा खोटा इशारा आला, एक दिवस एकही आला नाही. जानेवारीत मी नवे आकडे पाठवले. पोर्टलवर विचाराधीन.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक मेल आली. तीन जणांची उपसमिती स्थळपरीक्षणाला येईल, आणि त्यानंतर निर्णयाचा अधिकार उपसमितीला राहील. शैलेशने ती मला मोठ्याने वाचून दाखवली. माझ्या पत्राचा तीत उल्लेख नव्हता.

"ही चांगली खूण आहे की वाईट?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"थोडं तरी खोटं बोला, मॅडम."

समितीचे प्रमुख सामंत नावाचे निवृत्त नौदल अधिकारी होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. बरोबर दोन तरुण अधिकारी लॅपटॉप घेऊन आले. सकाळी साडेसहाला सगळे गच्चीवर उभे होते. ठरलं होतं ते असं: नऊपर्यंत खाडीत होड्या येतील-जातील. त्या दरम्यान ड्रोन दोनदा उडेल, कधी आणि कुठून ते आम्हाला सांगायचं नाही. उडवायला कोन गावचा सुदाम होता, जो एरवी लग्नांचं शूटिंग करतो. त्याच्याबरोबर सामंतांचा एक माणूस बसवला होता, म्हणजे आमच्याशी संगनमत नको.

पहिल्या चार होड्या आल्या आणि गेल्या. यंत्र गप्प. पाचवी आली, यंत्र गप्प. पाऊण तासाने दिवा लागला, पडद्यावर बाण ईशान्येकडे वळला, आणि मिनिटभराने खारफुटीच्या वर सुदामचा ड्रोन दिसला. सामंतांनी घड्याळ पाहून वहीत काहीतरी लिहिलं.

साडेआठच्या सुमाराला दिवा पुन्हा लागला. बाण पश्चिमेकडे होता. आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो. आकाशात काही आलं नाही.

"सुदामने तिकडून टेस्ट घेतली असेल," शैलेश हळूच म्हणाला. "बॅटरी बदलून बघतात कधीकधी."

मी आलेख बघत होते. ठोके दोन सिलिंडरच्या इंजिनाचे होते, पण आवाज वरून आल्यासारखा दिसत होता. पश्चिमेला कोळीवाड्याची नवी शेड होती, पत्र्याची. आवाज त्या पत्र्यावर आपटून येत होता.

"ड्रोन नाही," मी म्हटलं. "होडी आहे. शेडच्या पत्र्यावरून परावर्तन. हा खोटा इशारा धरा."

शैलेशने डोळे मिटले आणि उघडले. सामंतांनी तेही लिहिलं.

दमयंतीबाई जिन्यात उभ्या होत्या. "ती होडी आमच्या गावची नाय," त्या म्हणाल्या. "आवाज वायला हाय."

नऊला सात मिनिटं असताना कमळाकरची होडी धक्क्याकडे वळली, तो अडखळणारा ठोका घेऊन, आणि तिच्या बरोबर मागून, तिच्याच आवाजाच्या आडोशाने, सुदामने ड्रोन आणला. हे त्याला सामंतांच्या माणसाने सांगितलं होतं, हे नंतर कळलं. पाच सेकंद काहीच झालं नाही. मी ते मोजले. मग दिवा लागला. बाण बरोबर होडीच्या डोक्यावर होता.

एका तरुण अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. सामंत खुर्चीवर बसले.

"एकूण होड्या किती?"

"बावीस," मी म्हटलं. "ड्रोन दोन, दोन्ही पकडले. खोटा इशारा एक."

"आणि ऑगस्टात एका सकाळी एक्केचाळीस होते."

म्हणजे पत्र वाचलेलं होतं. "हो. तसं मी कळवलं होतं."

"मी मागच्या आठवड्यात वाचलं. त्याआधी कोणीच वाचलं नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "तुमची फाईल ज्यांच्याकडे होती त्यांची ऑगस्टातच बदली झाली. त्यांच्या जागी फेब्रुवारीपर्यंत कोणी आलं नाही. तुमची ईमेल त्यांच्याच खात्यात पडून होती आणि रजिस्टर पत्र बंद पाकिटातच होतं. उघडलं तेव्हा वाटलं, तक्रार असेल. उशिराबद्दल लोक लिहितात तशी."

मी कठड्याला टेकले. सहा महिने मी ज्या पत्राचा हिशेब मनात मांडत होते, ते एका कपाटात पडून होतं. त्याने आमचं काही बिघडवलं नव्हतं, काही सुधारलंही नव्हतं. शैलेश माझ्याकडे बघत होता, आणि मग तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत.

"म्हणजे मॅडम, तुम्ही सहा महिने उगाच उपाशी राहिलात."

"मी जेवत होते."

"डब्यातली भाजी परत जायची. मी बघत होतो."

सामंतांनी वही मिटली. खाली चहा झाला, ताजे बोंबील तळले गेले, तरुण अधिकाऱ्यांनी दोनदा घेतले. मग ते पायात बूट घालायला लागले आणि सामंत म्हणाले, "चला. निर्णय आम्ही कळवू."

तोच शब्द. शैलेशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी निरोपाचं काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात दमयंतीबाई रिकामी ताटली घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं.

"कदी कळवनार?"

"बाई, त्याची पद्धत असते," सामंत म्हणाले. "दिल्लीला अहवाल जाईल."

"ठरवनार कोन? दिल्ली की तुमी?"

"ठरवायचं आम्हीच आहे."

"मंग ठरलं का नाय?"

सामंतांनी वही बगलेत घेतली.

"आमच्या धक्क्यावर पाटी खाली ठेवली की भाव तितंच बोलायचा. मोठ्यानं. चार लोकांनी ऐकाया पायजे. घेनार नसंल तर नाय म्हनायचं, कोनी रुसत नाय. पन मासं बगून, हात लावून, मागनं कळवतो म्हनून कोन गेला, तर त्याला दुसऱ्या दिवशी कोनी पाटी दाखवत नाय." त्यांनी ताटली काखेत धरली. "ही पोरगी चार म्हयने माज्या गच्चीवर बसलेय. तिची पाटी खाली ठेवल्याली हाय."

एकावन्नाव्या वर्षी मला कोणी पोरगी म्हणेल असं वाटलं नव्हतं. अंगणात कमळाकर बर्फ फोडत होता, तो थांबला. एका तरुण अधिकाऱ्याने, एका पायात बूट घातलेला असताना, सामंतांकडे पाहिलं.

"रत्नागिरीला माझी आजी असंच बोलायची," सामंत म्हणाले, अर्धं स्वतःशीच. मग त्यांनी बगलेतली वही काढली, उघडली, आणि वाचल्यासारखं केलं, पण नजर वहीवर नव्हती. "पहिल्या टप्प्याचं अनुदान. अट एक. यंत्र या गच्चीवर पूर्ण बारा महिने चालवायचं, बंदीचे दोन धरून, आणि प्रत्येक महिन्याचा आकडा वेगळा द्यायचा."

"देऊ," मी म्हटलं.

"मोठ्यानं," दमयंतीबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

सामंत सरळ उभे राहिले आणि अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंजूर."